कैसना हटवलं, तेव्हाच इजिप्त गेलं

चौथे खलिफा हजरत अली आणि सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्यातल्या यादवीचा विषय निघाला की सगळे ६५७ सालच्या सिफ्फीनच्या लढाईवर येऊन थांबतात. माझ्या मते पारडं खरं फिरलं ते इजिप्तमध्ये, आणि तेही एका चुकीच्या बदलीमुळे.

इजिप्त म्हणजे नाईलकाठचं धान्य आणि भरघोस महसूल. शिवाय सीरियात बसलेल्या मुआवियांच्या एका बाजूला इराक, दुसऱ्या बाजूला इजिप्त. दोन्ही अलींकडे राहिले असते तर मुआवियांची कोंडी अटळ होती.

अलींनी तिथे कैस इब्न साद यांना सुभेदार नेमलं. खरबिता भागात तिसरे खलिफा उस्मान यांच्या खुनाचा जाब मागणारे सुमारे १०,००० लोक ठाण मांडून होते. कैसनी त्यांच्यावर निष्ठेच्या शपथेची सक्ती केली नाही, त्यांचे भत्तेही थांबवले नाहीत. महसूल बिनबोभाट जमा होत राहिला. याला मी दुबळेपणा म्हणत नाही. मोठ्या लढाईच्या तोंडावर पाठीमागे दुसरी आघाडी न उघडणं, हेच उत्तम राजकारण होतं.

मुआवियांनी कैसना फोडायचा प्रयत्न केला. ते बधले नाहीत, तेव्हा 'कैस आतून आमचेच' अशी आवई उठवली. अलींच्या राजधानीत, इराकमधल्या कूफ्यात, संशय पसरला. खरबितावर चाल करा, असा हुकूम सुटला. कैसनी विरोध केला आणि पद गेलं.

जागी आले मुहम्मद इब्न अबू बक्र. पहिल्या खलिफांचे पुत्र, अलींच्या घरात वाढलेले, वय जेमतेम पंचविशीचं. पण उस्मान यांच्या घरावर चालून गेलेल्यांत ते स्वतः होते. खरबिताच्या लोकांसमोर नेमका हाच माणूस उभा करायचा? त्यांनी फौजा धाडल्या, त्या हरल्या आणि शांत बसलेला सगळा गट पेटला. मग अलींनी आपले सेनानी मालिक अल-अश्तरना पाठवलं, तर ते वाटेतच कुल्झुमला वारले. मधातून विष दिलं, असं परंपरा सांगते.

६५८ मध्ये मुआवियांचे सेनापती अम्र इब्न अल-आस काही हजार सैनिक घेऊन आले. हा प्रांत बायझंटाइनांकडून त्यांनीच जिंकला होता, तिथली माणसं त्यांना ठाऊक होती. खरबिताचे लोक त्यांना मिळाले. मुहम्मद यांचे सेनानी किनाना इब्न बिश्र लढता लढता पडले आणि मुहम्मदभोवतीची माणसं पांगली. मुहम्मदना पकडून मारलं, प्रेत गाढवाच्या कातड्यात घालून जाळलं. कूफ्यातून कुमक निघाली ती फार उशिरा. वाटेतच बातमी आली आणि ती माघारी फिरली.

आणि कैस? पद गेल्यावर ते मुआवियांकडे गेले नाहीत. अलींच्या बाजूनेच लढले, आणि अलींच्या हत्येनंतर त्यांचे पुत्र हसन यांच्या आघाडीच्या तुकडीचं नेतृत्वही त्यांनीच केलं.