टेड्रॉस यांनी आरोग्याचा अभ्यास केलाच नाही? फिरत्या संदेशाला उत्तर

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे: ‘जागतिक आरोग्य संघटनेचा प्रमुख टेड्रॉस डॉक्टरच नाही. आरोग्याचा अभ्यास नाही, एक शोधनिबंध नाही. मंत्रिपदाच्या जोरावर खुर्ची मिळाली.’

‘डॉक्टर नाही’ हे अर्धं खरं आहे. इथियोपियाचे माजी आरोग्यमंत्री टेड्रॉस अधानोम घेब्रेयेसस रुग्ण तपासणारे डॉक्टर नाहीत. २०१७ साली निवडून आलेले ते वैद्यकीय पदवी नसलेले पहिले महासंचालक. पण त्यांची डॉक्टरेट मानद नाही. जीवशास्त्राची पदवी अस्मारातून (आज इरिट्रियाची राजधानी), संसर्गजन्य रोगांच्या प्रतिकारशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण १९९२ साली लंडनमधून आणि सार्वजनिक आरोग्यातली पीएच.डी. २००० साली नॉटिंगहॅम विद्यापीठातून. विषय होता, धरणांमुळे इथियोपियाच्या तिग्राय प्रांतात हिवताप किती वाढतो.

‘एकही शोधनिबंध नाही’ हे मात्र साफ खोटं आहे. शोधणारे चुकतात कुठे, तेही सांगायला हवं. इथियोपियात आडनाव नसतं; स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं नाव जोडून लिहितात. नियतकालिकांच्या सूचींत लेखक म्हणून बहुधा ‘घेब्रेयेसस’ छापलं जातं. नुसतं ‘टेड्रॉस’ टाकून शोधलं तर निबंध सहज हाती लागत नाहीत.

१९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला त्यांचा निबंध तपशिलात पाहण्यासारखा आहे. तिग्रायमध्ये सिंचनासाठी छोटी धरणं बांधली जात होती. धरणालगतची गावं आणि धरणापासून दूरची, पण तितक्याच उंचीवरची गावं निवडली. उंची जुळवणं हा या अभ्यासाचा कणा आहे. ही गावं साधारण १,८०० ते २,२२५ मीटरवरची. वर जावं तशी थंडी वाढते आणि सुमारे १८ अंशांखाली हिवतापाच्या फाल्सिपॅरम परजीवीची डासाच्या पोटातली वाढ खुंटते. उंची जुळवली नसती, तर फरक धरणाचा की थंडीचा, हे कळलंच नसतं.

मग दहा वर्षांखालच्या सुमारे ७,००० मुलांची १९९७ मध्ये वर्षभरात चार फेऱ्यांत पाहणी झाली, प्रत्येक फेरी ३० दिवसांची. मोजमाप ‘बाल-महिन्यां’त, म्हणजे १०० मुलं १० महिने पाहिली की १,००० बाल-महिने. धरणालगत दर हजारी १४ वेळा हिवताप, दूरच्या गावांत १.९. जवळपास सातपट! दोन्हीकडची गावं आधीपासून सारखी होती का, ही शंका अशा तुलनेत उरते, आणि ती घ्यायलाच हवी. पण सातपटीचा फरक तेवढ्याने पुसला जात नाही.

निष्कर्ष ‘धरणं बांधू नका’ असा नाही. धरणासोबतच हिवताप नियंत्रणाची सोय करा, असा आहे. आपल्याकडच्या हिडकल आणि नविलतीर्थ धरणांच्या कालव्यांखाली राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. तिग्रायमधला डास वेगळा (अ‍ॅनोफिलिस अरेबिएन्सिस), आपल्या ग्रामीण भागातला वेगळा (क्युलिसिफेसीज), पण पाझराचं साचलेलं, उन्हातलं पाणी दोघांनाही लागतं. अंड्यापासून डास व्हायला उष्ण दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून डबकं दर आठवड्याला मोडावं लागतं, पंधरवड्याने जाऊन उपयोग नाही. चर काढून पाणी वाहतं करा. जे वाहतं करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडा. चरात गवत वाढलं की पाणी पुन्हा थबकतं आणि केलेलं काम वाया जातं.

निबंध दाखवला, तर ‘मंत्रिपदामुळे नाव छापलं’ असं कुणी म्हणेल, पण तो आरोप तारखांपुढे टिकत नाही. निबंध १९९९चा, ते आरोग्यमंत्री झाले २००५ मध्ये. आणि निबंधावर पहिलं नाव त्यांचंच आहे.

त्यांच्या समर्थकांचीही एक चूक दुरुस्त करू. खेड्यातल्या प्रत्येक आरोग्य चौकीत दोन पगारी कार्यकर्त्या नेमण्याची इथियोपियातली योजना त्यांनी सुरू केलेली नाही. ती २००३ची, त्यांच्या मंत्रिपदाआधीची. त्यांच्या काळात ती देशभर पसरली, हे श्रेय त्यांचं. आपल्या आशा ताई मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावर राबतात. तिथे वर्षभराचं प्रशिक्षण आणि ठरलेला पगार आहे, हा फरक आम्हाला फार मोलाचा वाटतो.

टीका करायची तर जागा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी झिम्बाब्वेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांना संघटनेचे सदिच्छादूत नेमलं आणि जगभरातून विरोध होताच काही दिवसांत नेमणूक मागे घेतली. तो निर्णय चुकीचाच होता, आणि त्याचा त्यांच्या पदवीशी काही संबंध नव्हता.