आधी दोन मणी हातावर

डेव्हलपरला जाहिरातीपेक्षा उघडा (ओपन सोर्स) कोड, म्हणजे कोणीही वाचू-वापरू शकेल असा, जास्त पटतो, हा लेखातला मुद्दा शंभर टक्के मान्य. अंबडच्या एका छोट्या कारखान्यासाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर करत होतो तेव्हा एका डेटाबेस कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. चकचकीत पीपीटी दाखवली, पण वापरून बघायला मागितलं की 'आधी साहेबांशी मीटिंग लावू'. शेवटी पोस्टग्रेस हा फुकटचा ओपन सोर्स डेटाबेस डाउनलोड केला, रात्रीत चालू झाला, विषय संपला. अहो, आपल्या नाशकात द्राक्षवालासुद्धा आधी दोन मणी हातावर ठेवतो, मग भाव सांगतो!

पण चाखायला देऊन गिऱ्हाईक जमवायचं आणि मग नियम बदलायचे, हेही होतं, ते लेखात आलं नाही. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाचं लायसन्स बदलून स्पर्धकांच्या वापरावर बंधनं घातली, तर लोकांनी जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू हा पर्याय उभा केला. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने तसंच केलं. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली व्हॅलकी हा रेडिसच्या जुन्या कोडवरचा खुला पर्याय आला. २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय देऊन पुन्हा ओपन सोर्सची वाट धरली. (कंपन्यांचं दुखणंही खोटं नाही. कोड यांनी लिहायचा आणि त्याच कोडवर सेवा विकून पैसे क्लाउडवाल्यांनी, म्हणजे भाड्याने सर्व्हर देणाऱ्यांनी, कमवायचे.)

त्यामुळे गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर प्रकल्पाला किती स्टार (लाइकसारखी पसंती) मिळाले, ते मी आता मोजत नाही. इश्यूला (वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या अडचणींना) उत्तर कोण देतं आणि सगळे मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे, एकाच कंपनीच्या पगारावर आहेत का, एवढं आधी बघतो.