शटरवाल्याचा ‘उद्या’ आणि वर ताणलेली स्प्रिंग

सतरा दिवस झाले. रोज सकाळी शटर बसवणाऱ्याला फोन करायचा आणि रोज तेच ऐकायचं, “होय गो वयनी, उद्या येतंय.” त्याचा उद्या काही उजाडत नाही आणि इथे मालवणात आमच्या गाडीच्या खोलीचं शटर पडलंय ते पडलंय. स्कूटर आत अडकलेली. चवथ तोंडावर आलीय, मोठे दीर मुंबईहून गाडी घेऊन येणार. ती काय माडाखाली उभी करू, नारळ पडून काच फुटायला?

सासरे नेहमीसारखे शटर वर ढकलत होते. ७१ वर्षांचा माणूस. शटर छातीपर्यंत आलं, वर, ते ज्यावर गुंडाळतं त्या पाइपात खाडकन आवाज झाला आणि अख्खं धूड खाली. पायाच्या बोटांपासून वीतभर लांब. मला अजून तो आवाज ऐकू येतो.

शटर आठ बाय आठ फुटांचं. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा जवळपास ८ किलो भरतो, म्हणजे इथे नुसता सपाट पत्राच ४७ किलो. पट्ट्यांची वळणं, खालचा अँगल वेगळा. हे वजन आपण उचलत नसतो, स्प्रिंग उचलते. शटर खाली ओढलं की पाइपावरच्या डब्यातली पोलादी पट्टी आवळते, वर ढकलताना तीच सुटत जाऊन जोर देते. स्प्रिंग धड असेल तर शटर अर्ध्यावर सोडलं तरी तिथेच थांबतं. आमचं चार महिने अर्ध्यावरून घसरत होतं. तेव्हाच त्याला सांगितलं होतं. म्हणाला, “ग्रीस मारा जरा.” अरे, स्प्रिंग जातेय आणि ग्रीस काय मारा!

आणि वर हे सल्ले देणारे. “त्यात काय, नट काढा, पाइप खाली घ्या, मोबाइलवर सगळं दाखवतात.” धाकटे दीर ऐकून पान्हा घेऊन शिडीवर चढलेसुद्धा. मी ओरडून खाली उतरवलं. पाइपावर दोन स्प्रिंगा आहेत. एक तुटली, दुसरी शाबूत आहे, आणि शटर खाली असताना तिच्यात सगळ्यात जास्त ताण असतो. पाइप भिंतीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचा नट सैल केला की पाइप गरकन फिरणार आणि पान्ह्याबरोबर मनगट जाणार. शटर पूर्ण वर गुंडाळलेलं असलं तरी थोडा ताण उरतोच. तो ताण पाइप धरून, एकेक फेरा सोडत उतरवायचं काम ज्याचं त्यानेच करायचं. सल्ला देणारे येणार आहेत का दिरांचा हात जोडायला?

घरी जेवढं होतं तेवढं मी केलं. गाईडमधली, म्हणजे शटर ज्यात सरकतं त्या बाजूच्या खोबणीतली, वाळू ब्रशने काढली, रॉकेलच्या फडक्याने पुसून घेतलं. कुणाच्या तरी सांगण्यावरून आधी त्यात जळकं ऑइल ओतलं होतं. किनाऱ्यावरची वाळू त्यात चिकटून कानशीसारखी पत्रा घासत होती. खालची पट्टी बोटाने दाबली तर गंजाचे पापुद्रे हातात आले. वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारं वारं. इथेच जन्मलेल्या माणसाला हे माहीत नाही? मग बसवताना खालच्या पट्टीला प्राइमरचा एक हातसुद्धा का नाही मारला?

खरा संताप तर ब्रॅकेट बघून आला. चार बोल्ट थेट चिऱ्यात ठोकलेत. जांभा तो, सच्छिद्र, शटरच्या हादऱ्यांनी भोक मोठं होत जातं आणि बोल्ट हलायला लागतो. डावीकडचा मी हाताने हलवून बघितला, हलतो. खालून लाल भुगा गळतो. वर हातभर अंतरावर काँक्रीटची लिंटल, दारावरची आडवी तुळई, आहे, तिथे पकड घेतली असती तर काय बिघडलं असतं? नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट काढून मागे प्लेट लावायची. अर्ध्या दिवसाचं जास्तीचं काम. तेवढ्यासाठी माझ्या घरातल्या माणसांच्या डोक्यावर ते वजन हलत्या बोल्टांवर टांगून गेला, पैसे मात्र रोख मोजून घेतले.

पोरांना शटरजवळ जायला बंदी केलीय. समोर दोन वासे आडवे बांधलेत.

आज परत फोन केला. “उद्या येतंय.” यायचं नसेल तर नाही म्हण ना बाबा! एकदा तोंडाने नाही म्हण, म्हणजे मी कुडाळहून दुसरा माणूस आणते.