12 निवडणुका, 11 गुलाल आणि एक फॉरवर्ड

परवा रात्री भाचीचा फोन आला. नववीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा, विषय ‘माझा आदर्श लोकप्रतिनिधी’. “मामा, पाठ झालंय, तू फक्त ऐक,” म्हणाली आणि घडाघडा सुरू झाली. दुसऱ्याच वाक्याला मी कपाळावर हात मारला. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांवरचा तो मेसेज! आमच्या घरच्या ग्रुपवर तो वर्षातून दोनदा तरी उगवतो, निवडणुकीच्या तोंडावर तर हमखास. पोरीने हात जोडलेले इमोजी तेवढे गाळले होते.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नाही (भाग्यवान आहात), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आबासाहेब (म्हणजे गणपतराव) 57 वर्षं सलग आमदार होते, 11 वेळा निवडून आले, एकदाही हरले नाहीत. गिनीज बुकात विश्वविक्रम आहे. मंत्रिपद चालून आलं तरी कधी घेतलं नाही. त्यांना पक्ष नव्हता, ‘जनता हाच पक्ष’. जन्मभर एसटीनेच फिरले. आणि शेवटी 2019 मध्ये सांगोल्याच्या कृतघ्न मतदारांनी नोटा घेऊन या देवमाणसाला पाडलं, त्या धक्क्यातून ते सावरलेच नाहीत. खाली ठरलेली ओळ: ‘खरा मराठी असशील तर पुढे पाठव.’

“खोटं कसं असेल मामा? सगळ्यांनीच पाठवलंय.” यावर काय बोलणार!

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण माझं डोकं तिथेच फिरतं. 2019 मध्ये गणपतराव उभेच नव्हते. नव्वदी ओलांडलेली, त्यांनी स्वतःच थांबायचं ठरवलं. शेकापकडून, म्हणजे त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाकडून, उभे होते त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख, आणि शिवसेनेच्या शहाजीबापू पाटलांकडून ते 768 मतांनी पडले. जवळजवळ लाखभर मतं त्या नातवाला पडली होती. म्हणजे जो माणूस मतपत्रिकेवर नव्हता त्याला पाडल्याबद्दल एका अख्ख्या तालुक्याला चोर ठरवायचं, तेही जिथल्या जवळजवळ निम्म्या मतदारांनी त्याच घराला मत दिलं तिथे. गणपतराव गेले 30 जुलै 2021 रोजी, सोलापुरात, पिकल्या वयात. ‘धक्क्याने गेले’ हे लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं देव जाणे. आणि कृतघ्नच म्हणायचं तर 2024 चं काय करणार? त्या वेळी दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख तिथूनच निवडून आले. अख्ख्या महाराष्ट्रातून शेकापचा एकच आमदार आला, तो सांगोल्याचा. (नातवापाठोपाठ नातू, हे मला फारसं रुचत नाही. शेतकरी-कामकऱ्यांच्या पक्षालाही शेवटी घरातलाच उमेदवार सापडावा, याचं वाईट वाटतं. पण तो वेगळा वाद.)

आता ‘एकदाही हरले नाहीत’. इथे मला काही शोधमोहीम काढावी लागली नाही. निवडणूक आयोग प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध करतो. मतदारसंघ, उमेदवार, पक्ष, मतं, सगळं त्यात असतं. सांगोला काढायचं आणि बोट ठेवत खाली यायचं. खरं तर तेवढंही नको, नुसती बोटं मोजली तरी मेसेज स्वतःच्याच पायात अडकतो. महाराष्ट्र झाल्यावरची पहिली निवडणूक 1962 ची, गणपतराव तेव्हाच पहिल्यांदा आमदार झाले. शेवटची लढवली 2014 ची. मधल्या सार्वत्रिक निवडणुका मोजा: 1962, 1967, 1972, 1978, 1980, 1985, 1990, 1995, 1999, 2004, 2009, 2014. किती झाल्या? 12. एकदाही हरले नसते तर 12 वेळा आमदार झाले असते ना? मग 11 कुठून आले?

तर असे आले. 1972 ला ते काँग्रेसच्या उमेदवाराकडून पडले. 1974 ला तिथे पोटनिवडणूक लागली, ती जिंकून परत आले. 1995 ला पुन्हा पडले, काँग्रेसकडून लढणाऱ्या तरुण शहाजीबापू पाटलांकडून, अवघ्या 192 मतांनी. हो, तेच ते शहाजीबापू, ज्यांचं गुवाहाटीहून आलेलं ‘काय झाडी, काय डोंगार’ 2022 मध्ये घराघरात गेलं. म्हणजे 12 सार्वत्रिक निवडणुकांपैकी 10 जिंकल्या, 2 हरल्या, आणि 1 पोटनिवडणूक. झाले 11. तिसरीतल्या पोराला जमेल एवढं गणित आहे. पण ‘सलग 57 वर्षं’ लिहिणाऱ्याने 2019 मधून 1962 वजा केले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. घरी बसलेली वर्षं वजा कोण करणार!

मला हे पराभव लपवण्याचा राग येतो, कारण गणपतराव समजायचे तर तेच आधी सांगावे लागतात. 33 वर्षांच्या राजकारणानंतर, सत्तरीकडे झुकलेलं वय असताना, 192 मतांनी पडणं म्हणजे काय ते ज्याने गावातल्या ग्रामपंचायतीचीसुद्धा निवडणूक लढवली आहे त्याला विचारा. 192 मतं म्हणजे एक वाडी. एका वाडीने तोंड फिरवलं की गेलं. त्या पराभवानंतर ‘लोकांना किंमत नाही’ म्हणून घरी बसायला त्यांच्याकडे पुरेसं निमित्त होतं. दुसऱ्या पक्षात उडी मारायलाही होतं, कारण शेकापची तोवर बऱ्याच जिल्ह्यांत वाताहत झाली होती. ते 1999 ला परत त्याच तालुक्यातून, त्याच पक्षाकडून उभे राहिले आणि जिंकले. पुढे 2014 ला, मोदी लाटेत, याच शहाजीबापूंना त्यांनी पंचवीसेक हजारांनी मागे टाकलं. तेव्हा वय नव्वदीला टेकलेलं. हे सगळं कापून ‘एकदाही हरले नाहीत’ असं सपाट वाक्य लिहायचं, तर मग राहिलं काय? फोटो आणि हार.

मंत्रिपदाचा मुद्दा सगळ्यात खोडसाळ आहे. गणपतराव एकदा नाही, दोनदा मंत्री होते. 1978 ला शरद पवारांनी पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार बनवलं, त्यात शेकाप होता. एन. डी. पाटील त्या मंत्रिमंडळात होते, गणपतरावही होते. ते सरकार फेब्रुवारी 1980 मध्ये बरखास्त झालं. दुसऱ्यांदा 1999 ला, विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. 2002 मध्ये रायगडात राष्ट्रवादीशी फाटलं म्हणून शेकापने पाठिंबा काढला आणि मंत्रिपदं गेली. शिवाय 1977-78 मध्ये काही काळ ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, हे या मेसेजवाल्यांच्या गावीही नाही.

“पण मंत्रिपद नाकारलं म्हटलं की टाळ्या पडतात,” भाची म्हणाली. पडतात ना, तिथेच तर दुखणं आहे. चांगला माणूस सत्तेला शिवत नाही आणि सत्तेला शिवला तो चांगला राहत नाही, हे आपण नववीतल्या पोरांना पाठ करायला देतो. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला, तेव्हा राज्यात हेच पुलोदचं सरकार होतं. कायदा एकट्या कोणाचा नाही, त्यामागे वि. स. पागे यांची वर्षानुवर्षांची खटपट होती, 1972 चा दुष्काळ होता, रस्त्यावर उतरलेले मजूर होते. पण दुष्काळी तालुक्याचा आमदार त्या वेळी मंत्रिमंडळात बसलेला असणं यात लाजण्यासारखं काय आहे? तो तिथे असावा म्हणूनच तर लोकांनी मत दिलं होतं.

आणि ‘त्यांना पक्ष नव्हता’ हे वाचून तर आबासाहेब वरून हसले असतील. या माणसाला जन्मभर एकच पक्ष होता! शेतकरी कामगार पक्ष. लाल बावटा, खटारा (बैलगाडी) ही जुनी निशाणी, मार्क्सवाद मानणारा, काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी उभा केलेला. एकेकाळी विधानसभेत विरोधी बाकांवर याच पक्षाचा आवाज असायचा; 1962 ते 1972 ही 10 वर्षं कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. मग एकेक मोहरा काँग्रेसकडे गेला. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण म्हणून ज्यांना ज्यांना ओढलं, त्यांत शेकापवाले भरपूर होते. शंकरराव मोरे, जेधे स्वतःच परत गेले. गणपतराव गेले नाहीत. दुसऱ्या विधानसभेपासून तेराव्या विधानसभेपर्यंत तोच झेंडा. ज्या राज्यात सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात शपथा होतात, तिथे या माणसाची सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, तर पक्ष सोडला नाही ही. आणि मेसेज नेमकी तीच पुसून टाकतो. का, तर पक्षाचं नाव घेतलं की फॉरवर्ड करणाऱ्याला अडचण होते. लाल झेंड्याच्या माणसाचं कौतुक चालतं, लाल झेंडा चालत नाही.

त्यांची कामंही त्याच मुशीतली. दुष्काळी तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी काढली आणि चालवून दाखवली. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्याबरोबर 13 दुष्काळी तालुक्यांच्या पाण्याच्या लढ्यात होते, आटपाडीच्या पाणी परिषदांना माणसं खटारे भरून जायची म्हणतात तसल्या लढ्यात. कृष्णेचं पाणी उचलून माणदेशाला द्या, ही मागणी भलेपणातून येत नाही, संघटनेतून येते. मेसेजमध्ये पाण्याचा थेंब नाही.

विश्वविक्रमाचं दोन ओळींत उरकतो. केरळचे के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून 13 वेळा निवडून आले. तिथलेच ओमन चांडी पुतुप्पळ्ळीतून 12 वेळा. तामिळनाडूचे करुणानिधी 13 वेळा आमदार झाले आणि एकदाही हरले नाहीत, मतदारसंघ मात्र बदलत राहिले. तेव्हा विश्व सोडा, देशाचाही विक्रम नाही. महाराष्ट्रात 11 हा आकडा सर्वात मोठा आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे.

राहता राहिली एसटी. इथे मला गप्प बसावं लागतं. ते एसटीने फिरायचे हे खरं आहे, पाहिलेली माणसं सोलापूर जिल्ह्यात ढिगाने भेटतील. एसटीत विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव म्हणून पाटी असलेलं आसन असतं, त्याच्यावर आपण सगळे बिनदिक्कत बसत आलोय कारण त्या पाटीचा मालक कधी येतच नाही. हा मालक यायचा. राहणी साधी होती, हेही खरं. ‘जन्मभर फक्त एसटी’ मात्र नको. मंत्र्याला सरकारी गाडी असते, ती त्यांनाही होती. पण बरं, हा मुद्दा दिला. सहातला अर्धा.

हे सगळं मी फोनवर तावातावाने सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, रडवलं की काय पोरीला. मग म्हणाली, “192 वालं घेते. सुरुवातच तिथून करते, ‘माझा आदर्श लोकप्रतिनिधी 192 मतांनी हरला होता’ अशी.”

मी म्हटलं, वा.

“पण बाईंनी सांगितलंय, स्टेजवर पक्षाचं नाव घ्यायचं नाही.”

“मग?”

“खटारा म्हणेन. ते नाव थोडंच आहे, चित्र आहे.”