चवडा म्हणजे अख्खं पाऊल नव्हे हो

परवापासून तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड येऊन पडलाय. थोडक्यात असं, की मराठीत पायाच्या पुढच्या भागाला वेगळा शब्दच नाही, चवडा म्हणजे अख्खं पाऊल, चवड्यावर बसणं म्हणजेच उकिडवं बसणं, आणि खरा शुद्ध शब्द 'प्रपद', ज्याचा अर्थ म्हणे पुढचं पाऊल. खाली 'मराठी वाचवा' आणि जोडलेले हात.

शब्द नाही? चपलेच्या दुकानात दहा मिनिटं बसून बघा. "टाचेला बरोबर आहे हो, पण चवड्यात आवळतोय, एक नंबर मोठा दाखवा." बोटांच्या मुळाशी असलेला तो रुंद जाड भाग, नवा बूट जिथे धरतो, तो चवडा, आणि हे दुकानदाराला समजावून सांगावं लागत नाही. चवडा म्हणजे अख्खं पाऊल असतं तर टाच त्यातच आली असती ना, मग या वाक्याला अर्थ काय उरला!

आता उकिडवं. उकिडवं बसलात की गुडघे पोटाशी, बूड अधांतरी आणि तळवा टाचेसकट जमिनीला, सवय असेल तर बाया तासन् तास असं बसून निंदणी करतात. चवड्यावर बसलात की टाचा वर, सगळा भार पुढे, आणि माझ्यासारख्याला पाच मिनिटांत मुंग्या. आमची आजी चुलीपुढे उकिडवी बसायची, दारात कुणी आलं की बसल्या बसल्या टाचा उचलून चवड्यावर यायची आणि आम्ही पोरं ओळखायचो की आता ही उठणार. काहीजण दोन्हीला सरसकट उकिडवंच म्हणतात, म्हणू देत, पण चवड्यावर म्हटलं की टाच खाली नसतेच. फळीवरचा डबा काढताना बघा, कुणी म्हणतं टाचा उंचावून, कुणी म्हणतं चवड्यांवर उभं राहून, गोष्ट एकच.

राहता राहिलं प्रपद. शब्द खरा आहे, जुनाही आहे, पण अमरकोशात सरळ 'पादाग्रं प्रपदं' असं आहे, म्हणजे पायाचं टोक. पुढचं पाऊल कुठून आणलं? पाणिनीकडे 'आप्रपद' येतं आणि त्यावरून आप्रपदीन, म्हणजे पायाच्या टोकापर्यंत पोचणारं वस्त्र. पुढच्या पावलापर्यंतच पोचणारं लुगडं कसं दिसतं ते फॉरवर्डवाल्यानेच नेसून दाखवावं. आणि गंमत बघा, चवड्याला हाकलून ज्याला आणायचंय तोही शेवटी चवड्याच्याच आसपासचा निघाला.

पुढचा पाय वेगळा नि चवडा वेगळा हे पटत नसेल तर क्रिकेट बघा. पाय टेकताना बोलरच्या पुढच्या पायाचा थोडासा भाग जरी पॉपिंग क्रीझच्या मागे असला तरी चालतो, त्यामुळे चवडा आख्खा रेषेपलीकडे गेला तरी त्यावरून नो-बॉल होत नाही. रिप्लेत झूम करून अंपायर बघत असतो ती टाच.