भाकरी कोण आणणार, हे आधी ठरवा

आज दुपारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अंगतपंगत होती. ग्रुपवर तिला पॉटलक म्हणत होते, म्हणू देत. 16 घरं, 45 माणसं. जेवणं उरकली, टेबलं आवरली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भरल्या वांग्यांचं पातेलं दोन्ही हातांनी धरून जिना चढताना दिसल्या. पातेलं जवळजवळ भरलेलंच होतं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते आहे.

वांगी बिघडली होती का? अजिबात नाही. काटेरी, लहान, सगळी एका मापाची. देठ ठेवून चार चिरा दिलेल्या. आत शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं, काळा मसाला, चिंच-गूळ. वर तेलाचा तवंग. 40 वांगी होती, परत गेली तेव्हा तिसाच्या वर असतील. कारण एकच, खायची कशाशी? 16 घरांत 5 पनीर, 4 गोड, छोले, मंचुरियन, पास्ता, भेळ, कोशिंबीर, एक कोल्ड्रिंकची पेटी आणि ही वांगी. भाकरी नाही. चपाती नाही. भात नाही. ऐनवेळी कुणीतरी पावाची दोन पाकिटं आणली, ती पहिल्या दहा मिनिटांत पनीरवाल्यांनी संपवली. सोलापुरात, मालदांडी ज्वारीच्या मुलखात, कोरड्यासानं, म्हणजे भाकरीशी खायच्या कालवणांनी, टेबल भरलेलं आणि भाकरीचा तुकडा नाही, ही लाज वाटायची गोष्ट आहे.

प्रत्येकाला वाटतं भाकरी दुसरं कुणीतरी आणेल. आणि खरं सांगायचं तर भाकरी कुणाला आणायचीच नसते. तिचा फोटो चांगला येत नाही, तिला ‘वा’ म्हणत नाहीत. अहो, पण सगळं जेवण तिच्यावर उभं असतं! पदार्थ निवडताना ‘मला काय झकास येतं’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘टेबलावर काय नाही’. यादी वाचा आणि जी जागा रिकामी आहे ती भरा.

45 माणसांचा हिशेब अवघड नाही. भात असेल तर 35 भाकरी पुरतात. किलोभर पिठात मध्यम आकाराच्या बारा होतात, म्हणजे तीन घरांनी एकेक किलो पीठ घ्यायचं, झालं. एका घराचा पाऊण तास. फक्त पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना कडा फाटतात आणि दोन तासांत भाकरी लाकूड होते. उकळत्या पाण्यानं पीठ मळलं तर जास्त वेळ मऊ राहते. तव्यावरून काढलेली भाकरी थेट डब्यात टाकू नका, वाफेनं खालची ओली होते. आधी जाळीवर एखादा मिनिट, मग सुती कापडात गुंडाळून टोपलीत. बाजरीचं पीठ असेल तर आदल्या दिवशीच दळून आणा, ते लवकर कडवट होतं.

मान्य, नोकरी करून सकाळी बारा भाकरी थापणं सगळ्यांना जमत नाही. मग कडक भाकरी विकत आणा, त्यात कमीपणा काय? आपल्या गावात किती बायकांचं घर त्यावर चालतं. महिनाभर आधी आणल्या तरी चालतात. फक्त सपाट पत्र्याच्या डब्यात, कागद घालून, कोरड्या ठेवायच्या. दमट हवा लागली की वातड होतात. तशा झाल्याच तर मंद तव्यावर दोन्हीकडून शेकून पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा कुरकुरीत होतात. आज चाळीस कडक भाकरी असत्या तर त्या पातेल्यात फक्त रस्सा पुसायला उरला असता.

आता पनीर. पनीरशी माझं भांडण नाही. पण पाचही घरांची तीच लाल ग्रेव्ही, कांदा-टोमॅटो-काजू, चव वेगळी ओळखू येत नाही. शिवाय पनीर दोनदा गरम केलं की रबरासारखं होतं आणि तेल सुटून कडेला साचतं. न्यायचंच असेल तर ग्रेव्ही वेगळी न्या आणि पनीर तिथे गरम करताना घाला. इतकं कुणी करत नाही.

चुलीवरून ताटात जायला दोन-तीन तास जातात, तेवढा वेळ टिकेल असाच पदार्थ निवडायचा. भजी-वडे झाकणाच्या डब्यात अर्ध्या तासात लिबलिबीत होतात, ते नकोच. धपाटे मात्र दुसऱ्या दिवशीही मऊ. ज्वारीच्या पिठात थोडं गव्हाचं आणि बेसन, लसूण, जिरं, तीळ, ओवा, आणि पाण्याऐवजी दही. दह्याशिवाय केले की कडक पडतात. येळवणीची, म्हणजे पुरणाच्या डाळीच्या पाण्याची, आमटी उभ्यानं खाणाऱ्यांना देऊ नका, कागदी ताटातून कपड्यावर येते. द्यायचीच तर द्रोण न्या.

दहीभात नेणाऱ्यांनी एवढं कराच. 1 किलो तांदूळ मऊ शिजवून पूर्ण गार करा, मग 2 लिटर गार दूध आणि फक्त अर्धा किलो दही. तिथे पोहोचेपर्यंत तो बरोबर लागतो. गरम भातात दही घातलं की फुटतं, पाणी सुटतं. आणि सगळं दहीच घातलं तर आपल्या उन्हात दोन तासांत आंबट ढाण. आत्ता माघातच दुपार तापते आहे, एप्रिल-मे मध्ये 42 अंशात काय होईल?

किती करायचं यातही गोंधळ होतो. 16 पदार्थ असले की माणूस प्रत्येकाचा चमचाभर घेतो, म्हणून भाजी निम्म्या माणसांच्या मापानं केली तरी पुरते. मोजून घ्यायच्या गोष्टी, म्हणजे वांगं किंवा धपाटा, माणशी एक. काकूंचं माप इतकं बरोबर होतं! 2 किलो वांगी, 40 नग, पसरट पातेल्यात दोनच थर, म्हणजे खालची चेंबत नाहीत. देठ वर, म्हणजे धरून उचलता येतात. कूट पाणी पितं म्हणून रस्सा मुद्दाम सैल ठेवलेला. सोबत स्वतःची पळीसुद्धा. बाकी निम्म्या डब्यांना चमचाच नव्हता. त्यामुळे गुलाबजामचा चमचा छोल्यात गेला, आणि कांदा-लसूण न खाणाऱ्या घरानं त्यानंतर कशालाच हात लावला नाही. डब्यावर चिठ्ठी लावायला काय जातं? ‘कांदा-लसूण नाही’, ‘शेंगदाणे आहेत’, बस.

गोड 4 घरांनी आणायची गरज नसते. दोन पुरे. त्यातली शेंगापोळी असेल तर उत्तम, आठवडाभर टिकते, चार तुकडे करून ठेवता येतात, उरली तर वाया जात नाही. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, नेणार असाल तर सोबत अर्धा लिटर गरम दूध न्या, थंड झाली की ती घट्ट बसते.

आणि ज्यांना खरंच काही जमत नाही, त्यांनी शेंगाचटणी आणावी. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर सावकाश भाजून पूर्ण गार करायचे, 20-25 लसूण पाकळ्या, जिरं, मीठ, तिखट. उखळात कुटली तर अंगचं तेल सुटून ओलसर होते. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की गोळा होतो. एवढ्यात पन्नास माणसांचं भागतं. कांदा, लिंबू, मीठ हेही कुणाच्या तरी नावावर लिहा. आज मिठासाठी तीन वेळा जिना चढावा लागला.

मघाशी फार रागात लिहिलं असेल. ज्यांनी पनीर आणलं त्यांनीही पैसे आणि वेळ घातलाच, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण ते पातेलं डोळ्यांसमोरून जात नाही. लग्नातल्या आहेराचं आहे, कडेला नाव आणि तारीख कोरलेली, अक्षरं घासून घासून पुसट झालेली. काकू कुणाला काही बोलल्या नाहीत. “असू दे, घरी खाऊ आम्ही,” एवढंच म्हणाल्या. घरी दोघंच असतात.

वांगी उद्याही चांगलीच लागतील, मुरून जास्तच. गरम करताना कडेनं उकळतं पाणी सोडायचं, गार नाही, नाहीतर कूट फुटतं. झाकण ठेवून मंद आच, आणि पळी न घालता पातेलंच हलवायचं. आपल्या विंगमध्ये कुणाकडे कडक भाकरी असतील तर आज रात्री चार-सहा घेऊन काकूंकडे जा. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर पहिला मेसेज भाकरीचा टाका.