‘पिन तीनदा चुकला आणि तीन वर्षांचे काम गेले’ या अभिप्रायाला दुकानमालकाचे उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. आकड्यांची बटणे असलेला कूटबद्ध (म्हणजे पिनशिवाय आतल्या फायली वाचता न येणारा) पेनड्राइव्ह आपण आमच्याकडून घेतलात, पिन तीनदा चुकताच तो कोरा झाला, दाद मागायला आलात तेव्हा आम्ही हात वर केले, आणि दुसरी किल्ली मुद्दाम न ठेवता गिऱ्हाइकाला नवा ड्राइव्ह घ्यायला लावणे हाच आमचा धंदा आहे, असे आपले म्हणणे आहे. ‘यापेक्षा साधा पेनड्राइव्ह परवडला’ असेही आपण शेवटी लिहिले आहे. यात एक चूक निश्चितपणे आमची आहे, म्हणून तिच्याविषयी आधी लिहितो.

या ड्राइव्हमध्ये दोन पिन बसवता येतात. एक रोजच्या वापराचा आणि दुसरा व्यवस्थापकाचा. दोन्ही बसवलेले असतील तर रोजचा पिन दहा वेळा चुकला तरी फक्त तो पिन रद्द होतो. व्यवस्थापकाच्या पिनने ड्राइव्ह उघडतो आणि आतल्या फायली जशाच्या तशा मिळतात. एकच पिन असेल तर मात्र दहाव्या चुकीला ड्राइव्ह कोरा होतो. आपला ड्राइव्ह सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, टॅक्स ऑडिटच्या मुदतीच्या गर्दीत दिला गेला. काउंटरवरच्या आमच्या मुलाने एकच पिन बसवला, तो बिलाच्या मागच्या बाजूला पेनने लिहिला आणि ‘साहेब, हा नंतर बदलून घ्या’ एवढे सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुसरा पिन बसवून बंद पाकिटात आपल्या हाती दिला असता, तर आपले काम वाचले असते. त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण हे काम कसे करायचे याची लेखी पद्धत दुकानात नव्हती आणि ती ठरवणे माझे काम होते. याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

आता ‘तीनदा’ या शब्दाविषयी. आपण स्वतः तीनदाच बटणे दाबली असतील, याबद्दल मला शंका नाही. परंतु आपण दुकानात आलात त्या दिवशी आपल्या सहायकांनीच सांगितले की, आदल्या दिवशी त्यांनीही बिलामागचा जुना पिन अनेक वेळा दाबून पाहिला होता आणि दरवेळी लाल दिवा लागल्यावर ड्राइव्ह काढून पुन्हा लावला होता. ड्राइव्ह काढून लावल्याने चुकांची मोजणी शून्यावर येत नाही. ती आतल्या चिपमध्ये कायम राहते आणि बरोबर पिन पडला तरच पुसली जाते. सॅन फ्रान्सिस्कोतील स्टेफान थॉमस या प्रोग्रॅमरचे 7,002 बिटकॉइन दहाच संधी देणाऱ्या अशाच एका ड्राइव्हमुळे अडकल्याची बातमी जानेवारी 2021 मध्ये जगभर गाजली होती, आणि तेव्हा त्यांच्या आठ संधी संपलेल्या होत्या. उरलेल्या दोन संधी जपून ठेवायच्या हे त्यांना ठाऊक होते. आपल्या सहायकांना ते ठाऊक नव्हते, कारण आमच्याकडून कोणी सांगितलेच नव्हते.

दहाचीच मर्यादा का, असा प्रश्न आपण काउंटरवर विचारला होता आणि त्या वेळी मी नीट उत्तर दिले नाही. आठ आकडी पिनच्या एकूण शक्यता 10 कोटी होतात. माणसाला ही संख्या अफाट वाटते, संगणकाला ती किरकोळ असते. मर्यादा नसती तर ज्याच्या हाती ड्राइव्ह पडला त्याने यंत्र लावून सर्व पिन ओळीने तपासले असते. दहाच संधी असल्यामुळे अंदाजाने पिन सापडण्याची शक्यता कोटीत एक एवढीच राहते. हे कुलूप मालक आणि चोर यांत भेद करू शकत नाही. त्याला फक्त पिन कळतो.

पिन म्हणजे काही फायली कूटबद्ध करणारी किल्ली नव्हे, हेही येथे सांगायला हवे. खरी किल्ली ड्राइव्हमधली चिप स्वतः यादृच्छिक पद्धतीने तयार करते. ती 256 बिटची, म्हणजे अवघ्या 32 बाइटची असते. युनिकोडच्या यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतीत त्यात जेमतेम दहा देवनागरी चिन्हे मावतील. पिन केवळ ही किल्ली वापरण्याची परवानगी देतो. दहावी चूक होताच ड्राइव्ह 64 जीबी पुसत बसत नाही, फक्त हे 32 बाइट पुसतो, म्हणून सगळे क्षणात संपते. बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तर बँक कंपनीचा माणूस बोलावून आपल्यासमोर लॉकर फोडते आणि आतले दागिने जागच्या जागी सापडतात. येथे मात्र ड्राइव्ह फोडून मेमरी चिप काढली आणि वाचली, तरी हाती येतो तो अर्थहीन आकड्यांचा ढीग. ‘दुसरा एक जण पैसे घेऊन डेटा काढून देतो म्हणाला’ असे आपण लिहिले आहे. त्या सद्गृहस्थांशी माझे वैर नाही. मात्र आपली एक तरी फाइल त्यांनी उघडून दाखवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये, एवढीच विनंती.

मुद्दाम दुसरी किल्ली ठेवत नसल्याचा आरोप मला सर्वांत जास्त लागला, कारण अशी किल्ली आमच्याकडे असती तर आपण हा ड्राइव्ह घेऊच नये, असे मी स्वतः आपल्याला सांगितले असते. जर्मनीतील सुरक्षा संशोधकांनी काही नामांकित कंपन्यांचे, अमेरिकी सरकारी मानकाचे प्रमाणपत्र मिळवलेले पेनड्राइव्ह पासवर्डशिवाय उघडता येतात हे 2010 च्या सुरुवातीला उघड केले होते. त्या ड्राइव्हचा पासवर्ड संगणकावरील प्रोग्रॅम तपासत असे, आणि तो बरोबर ठरला की ड्राइव्हकडे दरवेळी एकच ठरलेला संदेश जात असे. ज्याला तो संदेश मिळाला त्याला पासवर्डची गरजच उरत नव्हती. सर्वांची कुलपे उघडणारी एक किल्ली अस्तित्वात असली की ती कधी ना कधी भलत्याच्या हाती पडते. म्हणूनच ज्याची पिनची तपासणी ड्राइव्हच्या आतच होते, तेच मॉडेल आम्ही विकतो, जरी ते साध्या पेनड्राइव्हच्या अनेक पट महाग पडते आणि त्यामुळे आमच्याकडे ते फारसे खपतही नाही.

साधा पेनड्राइव्ह परवडला असता का? आपण हा ड्राइव्ह घ्यायला का आलात ते आपल्याला आठवत असेलच. ते मी येथे लिहीत नाही. आपल्या पक्षकारांचे पॅन, आधार आणि बँकेचे उतारे आपल्याकडे असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये अशी माहिती सांभाळण्यासाठी वाजवी उपाय न केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कूटबद्ध ड्राइव्ह हा त्यांपैकी एक उपाय आहे. तो बॅकअप नाही. एकमेव प्रत ज्यात आहे तो ड्राइव्ह साधा असो वा कूटबद्ध, तो जळला, हरवला किंवा रिक्षाच्या चाकाखाली आला तरी काम जायचे ते जातेच. विकताना हे वाक्य आम्ही उच्चारले नाही, आणि आपणही विचारले नाही.

पुसली गेलेली किल्ली मी परत आणू शकत नाही. जे करू शकतो ते असे: ड्राइव्ह बसवून देण्याचे जे शुल्क घेतले ते पूर्ण परत करतो. ड्राइव्ह बिघडलेला नाही. तो नव्याने फॉरमॅट करून, दोन्ही पिन आपल्यासमोर बसवून विनामूल्य देतो. त्याखेरीज आमचा एक माणूस दोन दिवस आपल्या कार्यालयात येईल. दाखल झालेली विवरणपत्रे आयकर विभागाच्या संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून घेता येतात, पक्षकारांशी झालेल्या ईमेलमध्ये बरीच जोडपत्रे सापडतील, आणि टॅलीचे जुने बॅकअप एखाद्या संगणकात राहून गेलेले असतात. यातून सर्व काम परत उभे राहील असे मी म्हणत नाही. आपण हाताने तयार केलेली कार्यपत्रके बहुधा नव्याने करावी लागतील.

येताना ड्राइव्ह सोबत आणावा. बिल सापडले नाही तरी चालेल, नोंद आमच्याकडे आहे. सापडलेच, तर त्यामागचा पिन कृपया खोडून टाकावा.

आपला,
दुकानमालक